माटोळीखालचा कोपरा : निवृत्त शोधश्वान घरी आणल्याचे एक प्रकरण

नऊ वर्षांचा नर लॅब्रॅडोर. नाव ब्राव्हो, वजन ३१ किलो. साडेसात वर्षे एका सुरक्षा दलाच्या श्वानपथकात स्फोटके हुंगून शोधण्याचे काम. घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले, जुने, चिऱ्यांच्या भिंतींचे. पुढे सोपा म्हणजे ओसरी, मध्ये देवाची खोली, मागे परसू आणि माडांची रांग. गेल्या दुरुस्तीत सगळीकडे चकचकीत टाइल्स बसवलेल्या. माणसे पाच : आजी, आजोबा, मुलगा, सून आणि अकरा वर्षांची नात. याआधी घरात कुत्रा होता, पण तो गावठी, अंगणातच वाढलेला आणि अंगणातच म्हातारा झालेला. (कुटुंबाची ओळख पटेल असा तपशील येथे दिलेला नाही.)

माणसे प्रेमळ होती, वेळ देणारी होती, डॉक्टरकडे जायला कंटाळणारी नव्हती. तरीही पहिल्या तीन महिन्यांत कुत्र्याचे वजन साडेचार किलोंनी वाढले, मागचे पाय धरले आणि ऐन चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत, तो घरच्या माणसावर गुरगुरला. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. त्या टाळायला लागणारी बरीचशी माहिती हस्तांतराच्या दिवशी समोर उभ्या असलेल्या एका माणसाच्या डोक्यात होती. ती कोणी विचारली नाही.

हस्तांतर

निवृत्त पोलिसी कुत्रा म्हटला की मराठी माणसाला २००८ च्या मुंबई हल्ल्यातली मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर ही चौकडी आठवते. त्यांचा शेवटचा काळ विरारच्या फार्मवर गेला आणि चौघेही २०१६ मध्ये गेले. फार्मवर मोकळी जमीन असते, सोबतीला ओळखीची कुत्री असतात. एकटा कुत्रा एका कुटुंबात येतो तेव्हा यातले काहीच त्याच्याबरोबर येत नाही.

नियम प्रत्येक दलाचे वेगळे असतात. अनेक ठिकाणी पहिला मान हॅण्डलरला, म्हणजे कामावर कुत्र्याला सांभाळणाऱ्या माणसाला, दिला जातो. इथे हॅण्डलरची बदली ठरली होती आणि राहणे बराकीत, म्हणून त्याला कुत्रा ठेवता येत नव्हता. कुटुंबाने अर्ज, ओळखपत्र, घराचे फोटो आणि हमीपत्र दिले : विकणार नाही, पैदाशीसाठी वापरणार नाही, धंद्याला लावणार नाही. बदल्यात लसीकरणाचे पुस्तक, शेवटचा रक्त तपासणीचा अहवाल, पट्टा, छातीभोवती बांधायचा जुना हार्नेस आणि खाद्याची एक पिशवी मिळाली. सगळे अर्ध्या तासात आटोपले, कारण पावसाची लक्षणे होती आणि गाडी भाड्याची होती.

आमचे स्पष्ट मत आहे की हॅण्डलरबरोबर किमान दोन भेटी, प्रत्येकी दोन तासांच्या, झाल्याशिवाय कुत्रा गाडीत बसवू नये. एका भेटीत त्याला काम करताना पाहावे, दुसरीत खाताना, फिरताना आणि झोपायच्या जागी. विचारायचे ते बारीकसारीक. शोध सुरू करण्याचा शब्द कोणता, थांबवण्याचा कोणता? वस्तू सापडली की तो कसे सांगतो : बसतो, आडवा होतो की नुसता थिजतो? बक्षीस काय, आणि ते कोणत्या हाताने, कुठे मिळते? लघवी कशावर करायची सवय आहे : माती, वाळू, गवत की सिमेंट? जिने चढतो का, गाडीत स्वतः उडी मारतो का, आणि मारत नसेल तर कधीपासून? बाकीचे कागद नंतरही मिळतात. ही उत्तरे हॅण्डलर बदलीच्या गावी गेला की कायमची लांब जातात. या कुटुंबाने निदान त्याचा फोन नंबर घेऊन ठेवला होता. पुढे तोच कामी आला.

पहिले आठवडे

पहिल्या रात्री ब्राव्होने सोप्यावर लघवी केली. दुसऱ्या दिवशीही तिथेच, आणि तीही अंगणात अर्धा तास फिरवून आणल्यावर. त्याच्या केनेलची जमीन सिमेंटची होती. कडक, गुळगुळीत, धुता येणारी जमीन म्हणजे लघवीची जागा, हे त्याच्या पायांना माहीत होते. उलट जून महिन्यातला चिखल आणि ओले गवत त्याला अनोळखी. यावर ओरडणे निरुपयोगी ठरते. त्याला पहाटे सहा, दुपारी बारा, चार आणि रात्री दहा अशा ठरल्या वेळी परसातल्या एकाच जागी, छपराच्या वळचणीखाली ओतलेल्या वाळूवर नेले. झाल्याबरोबर तिथेच खाऊ. नऊ दिवसांत सवय लागली. सोपा फिनाइलने पुसणे मात्र बंद करावे लागले. ओल्या फिनाइलवरून चाललेला कुत्रा पंजे चाटतो आणि ते पोटात जाते. शिवाय लघवीचा वास माणसाला लागेनासा झाला तरी कुत्र्याला लागतच राहतो. पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइमयुक्त द्रव वापरावा.

हार्नेसची गोष्ट वेगळी. नात रोज संध्याकाळी हौसेने तोच जुना हार्नेस घालून त्याला फिरायला नेई. तो प्रत्येक स्कूटरचे चाक, प्रत्येक फाटक, दुकानाबाहेरची प्रत्येक पिशवी ओळीने हुंगत जाई, एकदाही पाय न उचलता. घरच्यांना वाटे, किती उत्साही आहे. खरे तर तो ड्युटीवर होता. हार्नेस अंगावर चढला की काम सुरू, हे त्याचे सगळ्यात पक्के शिक्षण. कामाचा हार्नेस घरी आणूच नये, आणलाच तर कपाटात ठेवावा. फिरायला वेगळा, रुंद, मऊ पट्टा घ्यावा. तसेच शोधाचा शब्द मुलांनी खेळात उच्चारायचा नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताप आला. १०४ फॅरनहाइट, खाणे बंद, हिरड्या फिकट. रक्तात प्लेटलेट ९० हजार, म्हणजे निरोगी कुत्र्याच्या निम्म्याहून कमी. गोचिडांचा ताप. चिऱ्यांच्या भिंतीत आणि गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, असंख्य भेगा असतात. तपकिरी गोचीड कुत्र्यावरून उतरून तिथे अंडी घालते, एका वेळी हजारोंनी. नुसती कुत्र्यावरची गोचीड वेचून भागत नाही. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक २८ दिवस दिले. पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागला, तरी गोळ्या पूर्ण केल्या गेल्या, हे या घराचे कौतुक. भेगा सिमेंटने बुजवल्या आणि महिन्यातून एक गोचीडनाशक गोळी सुरू झाली. या वर्गातल्या गोळ्या फिट येणाऱ्या कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात, तेव्हा डॉक्टरांना जुना इतिहास सांगितल्याशिवाय दुकानातून आणू नयेत. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी दरवर्षी. आपल्याकडच्या पावसात लेप्टोची लस सोडून चालत नाही.

वजन

भाद्रपदात वजन ३५.५ किलो भरले. पिशवीवरच्या तक्त्याप्रमाणे तो दिवसाला ५०० ग्रॅम कोरडे खाद्य खात होता, म्हणजे साधारण १७५० कॅलरी. तो आकडा काम करणाऱ्या कुत्र्याचा होता. त्यावर आजोबांच्या दोन वेळच्या चहाबरोबर आठ ग्लुकोज बिस्किटे, सुमारे २०० कॅलरी. आजी नारळ खवताना एक कातळी त्याला देई. ३० ग्रॅम ओले खोबरे म्हणजे आणखी १००.

हिशेब असा करतात : किलोतल्या वजनाचा ०.७५ वा घात, गुणिले ७०. ३० किलो लक्ष्य धरले तर उत्तर जवळपास ९०० येते. ही नुसते जगण्याची गरज. काम करणाऱ्या कुत्र्याला याच्या दुप्पट-तिप्पट लागते, घरी बसलेल्या वयस्काला सुमारे सव्वापट. वजन उतरवायचे असेल तर लक्ष्य वजनाच्या ९०० वरच थांबायचे. म्हणजे २५५ ग्रॅम खाद्य, आणि त्यातलेच थोडे बक्षिसासाठी बाजूला. भूक मारायला उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा, मीठ-मसाल्याशिवाय. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास उतरावे, इथे ३५० ग्रॅम.

गणिताने १६ आठवडे लागायला हवे होते, लागले २२. अडथळा आजोबांच्या बिस्किटांचा होता. त्यांना आकडे पटत नव्हते. सुनेने एक दिवस आठ बिस्किटे ताटलीत मांडली आणि शेजारी कुत्र्याचे दिवसाचे खाद्य ठेवले. त्यानंतर बिस्किटांच्या जागी खाद्याचेच आठ दाणे आले. कुत्र्याला फरक पडला नाही. त्याला आजोबांच्या हातून काहीतरी हवे होते. चवथीच्या दिवसांत नेवऱ्यांवर (गोव्याकडच्या करंज्यांवर) डोळा ठेवावा लागतो. सारणात मनुका असतील तर एकही नेवरी त्याच्या तोंडात जाता कामा नये, कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. द्राक्षे, कांदा, लसूण आणि चॉकलेटही वर्ज्य.

चवथीची संध्याकाळ

चवथीच्या दिवशी संध्याकाळी आरती झाली. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधलेली, देवाच्या खोलीत उदबत्तीचा धूर. ब्राव्हो आत आला, खोलीत एक फेरी मारली आणि मखराच्या डाव्या बाजूला येऊन ताठ बसला. हलेना. आजी हरखून गेली. "बघ गो, कसा बाप्पासमोर शहाण्यासारखा बसलाय!" फोटो निघाले. नातीने मोदक पुढे केला. लॅब्रॅडोरने मोदकाकडे पाहिलेही नाही.

इथे थांबून त्याच्याकडे नीट पाहायला हवे होते. कान पुढे, तोंड मिटलेले, श्वास नाकाने भराभर, नजर गणपतीवर नाही तर माटोळीखालच्या कोपऱ्यावर. मधूनमधून तो पटकन मागे वळून माणसांकडे बघे आणि पुन्हा कोपऱ्याकडे. कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशवीत फटाके होते. फटाक्याच्या दारूत पोटॅशियम नायट्रेट, गंधक आणि कोळसा असतो. साडेसात वर्षे ज्या वासांसाठी त्याला चेंडू मिळाला, त्यांपैकी हा एक. स्फोटकांच्या कुत्र्याला भुंकायला, नखांनी उकरायला शिकवत नाहीत, कारण बॉम्बला धक्का लागता कामा नये. वास सापडला की बसायचे आणि हॅण्डलर येईपर्यंत बसून राहायचे.

तो वीस मिनिटे बसला. पाहुणे येऊ लागले तसे मुलाने कॉलर धरून त्याला ओढले. तो गुरगुरला. दात दिसले नाहीत, पण आवाज सगळ्यांनी ऐकला. त्याला मागच्या न्हाणीत कोंडले, तिथे दार उकरताना पुढच्या पायाचे एक नख मुळापासून तुटले. शेजाऱ्याने निदान केले की फटाक्यांना घाबरतो, झोपेची गोळी द्या. सुदैवाने दिली नाही. अशा वेळी सर्रास दिली जाणारी एसप्रोमॅझिन कुत्र्याचे शरीर सुस्त करते, मनातली भीती तशीच राहते. आणि इथे तर भीती नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी होऊन गेली होती, तरी तो त्याच कोपऱ्यात जाऊन बसला. वास टाइल्सच्या सांध्यांत उरलेला. सुनेने हॅण्डलरला फोन लावला. तो सिंधुदुर्गातला, त्यामुळे बोलणे सरळ मराठीतच झाले.

"ताई, ओढू नका त्याला. तो हट्ट करत नाही, तो तुम्हाला सांगतोय. कोपऱ्यात काय होतं?"

"फटाके होते. आता नाहीत."

"मग बरोबर आहे त्याचं. त्याच्या पाठीमागे उभ्या राहा, चेंडू दाखवा, कोपऱ्यापासून लांब टाका आणि 'फ्री' म्हणा. येईल."

आला. चेंडू तोंडात धरून अंगणभर धावला. सांगूनही कोणी ऐकत नाही, हा ताण त्याच्या अंगावरून उतरलेला घरच्यांना डोळ्यांनी दिसला. गुरगुरणे त्यानंतर पुन्हा झाले नाही.

पण दरवेळी चेंडू दिला तर फटाक्यांवर बसण्याची सवय पक्कीच होणार, आणि भाद्रपदात गोव्यातल्या वाड्यावाड्यावर तोच वास असतो. कधीच दिला नाही तर तो आणखी बेचैन होतो. म्हणून दोन गोष्टी ठरल्या : घरात फटाके ठेवायचे नाहीत, आणि नाकाला दुसरे काम द्यायचे.

बसण्याची किंमत

या बसण्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला मागच्या पायांवर उठता येत नव्हते. खरी लक्षणे आधीपासून होती : एका कुल्ल्यावर कलून बसणे, मागच्या पायांची नखे जमिनीवर घासण्याचा आवाज, गाडीत चढायला नकार. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले आणि कमरेच्या मणक्यांमध्ये हाडाचे पूल तयार झालेले दिसले. ज्या कुत्र्याला बसणे दुखते त्याचे काम बसण्याचे होते, आणि दुखत असूनही तो बसत होता.

यकृत-मूत्रपिंडाची रक्त तपासणी करून वेदनाशामक सुरू झाले, दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. स्टेरॉइड चालू असताना ही औषधे देत नाहीत. घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तर कधीच नाही. टाइल्सवर दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत काथ्याच्या चटया एकमेकींना लावून अंथरल्या, घसरू नयेत म्हणून खाली रबरी जाळी. झोपायला चार इंची जाड फोम. नखे दर पंधरा दिवसांनी. एका लांब फेरीऐवजी १५ मिनिटांच्या तीन फेऱ्या.

नवे काम

सहा सारखे स्टीलचे छोटे डबे, झाकणाला पाच-सहा भोके, कडा घासून बोथट केलेल्या. एकात मलमलच्या चिंधीत चार लवंगा, बाकीच्यांत नुसती चिंधी. वासाचा डबा चिमट्यानेच उचलायचा आणि वेगळ्या बरणीत ठेवायचा, नाहीतर सहाही डबे वासाचे होतात.

पहिले तीन दिवस एकच डबा, उभ्या कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर. नाक लागले की त्याच क्षणी "हां!" आणि डब्याजवळच बक्षीस. दहा वेळा, दिवसातून दोनदा. चौथ्या दिवसापासून नाक एक, मग दोन, मग तीन सेकंद टेकवून धरले तरच बक्षीस. तो जुन्या सवयीने बसला तर रागवायचे नाही, नुसते थांबायचे. डबा थोडा वर धरला की उभे राहणेच सोयीचे होते. आठव्या दिवसापासून दोन डबे, मग चार, मग खोलीत लपवलेले. सुरुवातीचा शब्द नवा, गळ्यात सुती रुमाल, जेणेकरून हे जुने काम नव्हे हे त्याला कळावे. एक खेळ आठ मिनिटांचा. धापा टाकू लागला की थांबायचे, कारण तोंडाने श्वास घेणाऱ्या कुत्र्याला हुंगता येत नाही. शेवट नेहमी सापडण्यावर.

बक्षीस म्हणून टेनिसचा चेंडू बंद केला. त्याच्या लोकरीत अडकलेली वाळू दातांवर कानशीसारखी घासते आणि ब्राव्होचे सुळे आधीच अर्धे झिजलेले. सात सेंटिमीटरहून मोठा मऊ रबरी चेंडू आणला. त्याहून लहान घशात अडकू शकतो.

दोन ठिकाणी बिघडले. नातीने एकदा डबा माटोळीखालच्या कोपऱ्यातच लपवला आणि तो पुन्हा ताठ बसला. ती जागा कायमची वगळली. मग एका रविवारी शागोतीचा (गोव्याकडच्या मटण-कोंबडीच्या रश्श्याचा) मसाला भाजला गेला, घरभर लवंगेचा वास, आणि कुत्रा खोल्याखोल्यांतून वेड्यासारखा फिरू लागला. लवंग निवडणे ही आमच्या मते मूळची चूक. स्वयंपाकघरात नसलेला वास घ्यावा. त्यांनी वाळ्याच्या मुळ्यांचे दोन इंची तुकडे घेतले. पद्धत कळलेली असल्याने नवा वास दोन दिवसांत पक्का झाला.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, नरकासुराच्या पुतळ्यांपुढचे ढोल आणि फटाके पहाटेपर्यंत चालतात म्हणून, त्याला सत्तरी तालुक्यातल्या नातेवाइकांच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, नेले. तिथे पोफळीच्या बुंध्यांमध्ये तीन डबे लपवले. पालापाचोळ्यात आधी काठी फिरवून, सापाची खात्री करून.

पुढच्या चवथीला वजन ३०.८ किलो होते. घरात फटाके नव्हते, पण विसर्जनाच्या वाटेवर शेजाऱ्यांच्या पिशवीजवळ तो थांबला. बसला नाही. उभाच राहिला आणि मागे वळून सुनेकडे पाहू लागला. तिने खिशातला वाळ्याचा डबा गडग्यावर ठेवला आणि नवा शब्द उच्चारला. तो तिकडे गेला.

आता तो साडेदहा वर्षांचा आहे. मान खाली घालून हुंगताना कमरेत कळ येते, म्हणून हल्ली डबे जमिनीपासून दीड-दोन फुटांवर ठेवतात : खिडकीच्या कट्ट्यावर, तुळशीच्या पायरीवर, आजोबांच्या आरामखुर्चीच्या हातावर.